दादांनी शेवटपर्यंत वाचलेली यादी

माझ्या थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आणायला एकूण अठ्ठावीस वाक्यं लागली. ती सगळी मीच लिहिली होती. सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांक घालून, डावीकडे समास सोडून.

हे मी शांतपणे सांगतेय असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. मी रागात आहे. त्या दिवसाला आता वर्ष होत आलं, तरी मी रागात आहे. नवऱ्यावर आहे, धाकट्या मुलीवर आहे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या थोरल्या दिरांवर आहे आणि घरातल्या फ्रिजवर आहे. (फ्रिजचा दोष काय, ते पुढे येईल.)

सुरुवात धाकटीनं केली. अनुजा पुण्यात भाषाविज्ञान शिकते. एका रविवारी सकाळी मी डाळी निवडत असताना तिचा फोन आला.

“आई, मला थोडा डेटा कलेक्ट करून दे.”

“कसला?”

“आपण घरात बोलताना इंग्रजी क्रियापद उचलतो आणि त्याला मराठी क्रियापद जोडतो ना, तसली वाक्यं. खरीखुरी, तोंडातून निघालेली. पुस्तकातली चालणार नाहीत, असं सरांनी सांगितलंय.”

“म्हणजे आत्ता तू ‘कलेक्ट करून दे’ म्हणालीस, तसं?”

“अगं हो! तेच पहिलं! लिही, लिही!”

मी लिहिलं. मला कोणी ‘लिही’ म्हटलं की मी लिहिते. तो माझा जन्मजात दोष आहे. कोरेगावातल्या एका शाळेच्या कार्यालयात माझी सत्तावीस वर्षं गेली. किराण्याची यादी, कामांची यादी, कोणी आमचं कोणतं भांडं नेलं त्याची यादी (दोन कुकर अजून बाहेर आहेत) आणि कोणती यादी कुठे ठेवली आहे त्याची यादी, एवढं माझ्या घरात बारमाही असतं.

शिवाय या विषयावर माझा स्वतःचा राग होता. जुना, चांगला मुरलेला. आमच्या कार्यालयात फाइल कोणी पाठवत नाही, ‘फॉरवर्ड करून टाकतात’. सही करत नाहीत, ‘साइन मारतात’. चूक सापडली तर सुधारत नाहीत, ‘करेक्ट करून घेऊ’ म्हणतात आणि ती तशीच राहते. पाठवणं, सुधारणं, थांबवणं, टाळणं अशी आपली धडधाकट क्रियापदं घरात रिकामी बसलेली; आणि बाहेरून आणलेल्या, मराठीत स्वतःच्या पायावर एक पाऊल टाकता न येणाऱ्या पाहुण्याला ‘करणे’ नाहीतर ‘मारणे’च्या खांद्यावर बसवून गावभर मिरवायचं! संताप होतो.

“चार-पाच मिळतील फार तर,” मी अनुजाला म्हणाले. “आपल्या घरात तसं कोणी बोलत नाही.”

पलीकडून हसल्याचा आवाज आला. मी दुर्लक्ष केलं.

“कोण बोललं, कोणाबद्दल बोललं तेही लिही हं. नावं नकोत. ‘एक स्त्री, वय पन्नास’ असं चालेल.”

आता मला सांगा, रकान्यावर ‘नाव’ असं लिहायचं आणि त्याखाली ‘एक स्त्री’ भरायचं, तर तो रकाना आखायचाच कशाला? मी पूर्ण नावं लिहिली. गावासकट.

दुर्दैव असं, की नेमक्या त्याच तीन आठवड्यांत थोरलीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरत होतं. मुलगा विट्याचा. सूरज नाव. दोघं साताऱ्यात एकाच कंपनीत कामाला. त्यांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. दोन्ही घरांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते जड जात होतं. आधीची दोन स्थळं आमच्याकडूनच फिसकटली होती. (त्यातलं एक, मी मुलाच्या आईला पाठवलेल्या एकवीस प्रश्नांमुळे. प्रश्न सगळे रास्त होते.) म्हणून प्राजक्तानं मला समोर बसवून सांगितलं होतं, “आई, हे मोडलं तर मी दुसरं करणार नाही. रडणार नाही, भांडणार नाही. फक्त करणार नाही.” ही मुलगी दहावीत ‘मी गणित सोडणार’ म्हणाली होती आणि तिनं त्यानंतर गणिताच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. त्यामुळे मी घाबरले होते.

तर त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय होता, विटेकर. म्हणजे यादीत जे काही येणार, ते त्यांच्याबद्दलच येणार, हे माझ्यासारख्या व्यवस्थित बाईच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी शालनताईंचा, म्हणजे सूरजच्या आईंचा, फोन वाजला. ह्यांनी मोबाइलवरचं नाव पाहिलं आणि विंचू ढकलावा तसा तो माझ्याकडे ढकलला.

“मी अवॉइड मारतो. तू हँडल कर.”

“एका दमात दोन!” मी वही ओढली. “पुन्हा बोला. ‘अवॉइड मारतो’ म्हणालात की ‘अवॉइड करतो’?”

“अगं, फोन वाजतोय!”

“मारतो की करतो?”

“मारतो! मारतो! घे की आता!”

तोवर फोन बंद झाला. शालनताईंनी पुढे चार दिवस आमचा फोन घेतला नाही. (ते कोणी बोललेलं वाक्य नसल्यामुळे यादीत आलं नाही.)

दुसऱ्या दिवशी थोरले दीर चहाला आले. ह्यांचे सख्खे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात; सगळे त्यांना दादा म्हणतात. फौजेतून येऊन पंधरा वर्षं झाली, पण चहासुद्धा ते ताठ बसून, आघाडीवर निघाल्यासारखा पितात.

“सूरजच्या त्या मामाला पयल्या पंगतीत बसवून लवकर डिस्पोज करून टाका,” दादा म्हणाले. “न्हाईतर त्यो दिवसभर पिडत बसतोय. मी त्याला एकदा फेस केलाय.”

“दादा, ‘डिस्पोज करा’ की ‘डिस्पोज करून टाका’?”

“जयश्री, ह्ये काय कोर्ट मार्शल हाय का?”

“अनुजाच्या अभ्यासाचं आहे.”

“आसं व्हय. मग ‘करून टाका’ लिही. ऑर्डर पक्की पायजे.”

आठवड्याभरात सतरा वाक्यं झाली. आणि माझी? माझी मी प्रामाणिकपणे लिहिली. ‘आपल्या घरात तसं कोणी बोलत नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या नावावर त्या सतरांतली नऊ होती! मला स्वतःचा इतका राग आला, की मी त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलले नाही. (बोलले असते तर दहा झाली असती.)

तिसऱ्या आठवड्याअखेर अठ्ठावीस भरली. तेव्हा वही वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मात्र चांगली वाटली नाही. चांगलं काही सांगायचं असलं की आम्ही सगळे सरळ बोलत होतो. ‘पोरगा गुणाचा आहे’, ‘त्यांनी प्रेमानं वाढलं’, ‘आज्जी फार गोड आहेत’. यात इंग्रजीचा मागमूस नाही. एखाद्याला बाजूला सारायचं, फसवायचं, गप्प बसवायचं असलं, की अवॉइड, मॅनेज, हँडल, कट, डिस्पोज! एखाद्या बाईला ‘टाळा’ म्हणायचं तर आपली जीभ जराशी अडखळते. ‘अवॉइड करा’ म्हणताना मात्र हातमोजे घालून चिमटीनं धरल्यासारखं होतं. बोटांना काही लागत नाही. हे मी शेवटच्या पानावर ‘विशेष निरीक्षण’ म्हणून लिहिलं आणि वही मिटून यादी स्वच्छ उतरवून काढली. नुसतं निरीक्षण करून मी सुधारले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

आमच्याकडे साखरपुड्याच्या आधी याद्या होतात. दोन्हीकडची वडील माणसं बसतात. पाहुणे किती येणार, जेवण कोणाकडे, मंडप कोणाचा, फेटे कोणाकोणाला, असं ठरलेलं सगळं कागदावर लिहितात. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून तो ताटात नारळ-सुपारीजवळ ठेवतात, मग एक वडीलधारा उभा राहून तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो आणि दोन्ही बाजू सह्या करतात. एकदा कुंकू लागून वाचायला सुरुवात झाली की याद्या मध्येच थांबवायच्या नाहीत. थांबल्या तर लग्न थांबतं, असं आमच्याकडेही मानतात आणि विट्याकडे आमच्याहून जास्त मानतात.

इतर घरांत हा कागद सगळ्यांसमोर बसून, वाद घालत, दोन-तीन तासांत लिहितात. मला असला वेळेचा अपव्यय सहन होत नाही. मी आठ दिवस मेसेज पाठवून एकेक मुद्दा पक्का करून घेतला होता. प्रत्येक मेसेजला विट्याहून वर केलेला अंगठा येत होता. (तेव्हा मला ती संमती वाटली होती.) याद्यांच्या आदल्या दिवशीच मी कागद लिहून तयार ठेवला. आता फक्त वाचायचं, सह्या करायच्या आणि जेवायला बसायचं.

अनुजाही पुण्याहून आली होती. तिला परत जाताना न्यायला तिची यादीही तयार होती. दोन्ही याद्या एकाच जाडीच्या कागदावर, एकाच शाईत, एकसारख्या पारदर्शक पिशवीत. दोन्हींवर लाल पेनानं ‘यादी’ असं लिहून खाली दोन रेघा. माझी पद्धत ठरलेली आहे. दोन्ही फ्रिजवर होत्या.

सकाळी दहाला विटेकरांच्या दोन गाड्या आल्या. मी बावीस माणसांच्या पोह्यांत होते. तिथूनच ओरडले, “अहो, फ्रिजवरची यादी ताटात ठेवा!”

ह्यांनी ठेवली. नंतर मी विचारलं, ‘निदान वर काय लिहिलंय ते वाचायचं तरी!’ तर म्हणाले, “वर ‘यादी’ लिहिलं होतं. तेवढं वाचलं. तुझ्या यादीचं बाकीचं वाचायचं नसतं, पाळायचं असतं.” आणि ह्यांनी कोपऱ्यांना हळद-कुंकूसुद्धा अतिशय नीट लावलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एक काम नीट केलं, ते हे!

बैठकीच्या खोलीत सगळे दाटीनं बसले. समोरच्या बाजूला मधोमध सूरजच्या आज्जी, वय पंच्याऐंशी, नऊवारी, कान शाबूत. त्यांच्या एका बाजूला शालनताई. दुसऱ्या बाजूला मामा. कडेला सूरजचे वडील, अण्णा, जे बोलत नाहीत. दादा उठले. चष्मा लावला, टाचा जुळवल्या, कागद छातीसमोर धरला.

“यादी! अनुक्रमांक एक! ‘मला थोडा डेटा कलेक्ट करून दे.’ बोलणारी, अनुजा!”

मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे मी सोडला नाही.

विटेकरांनी माना डोलावल्या. मामा गंभीरपणे म्हणाले, “आता डेटा बी द्याया लागतोय व्हय? देऊ की. आमच्याकडनं बी देऊ.”

“अनुक्रमांक दोन! ‘लय कंटाळा आलाय, आज बाहेरून ऑर्डर करून टाकू.’ बोलणारे, मुलीचे वडील!”

“म्हंजी जेवान बाहेरनं?” शालनताईंनी आज्जींच्या कानाला लागून विचारलं.

“दादा!” मी ओरडले. “दादा, थांबा! ती यादी नाही!”

“वर ‘यादी’ लिहिलंय,” ह्यांनी मदत केली.

“थांबवू नगा ओ ईनबाई,” आज्जींनी हात वर केला. “कुकू लागलंय. याद्या मधी थांबवत न्हाईत. वाचा तुमी.”

दादांना तेवढंच हवं होतं. आलेला हुकूम अर्धा वाचून खाली ठेवायचा, हे त्यांना फौजेनं शिकवलेलंच नाही. ते वाचत गेले. तीन ते सहा गॅस, गिझर आणि केबलवाला यांच्याबद्दल होती, ती पार पडली. मी देवाचं नाव घेत होते.

“अनुक्रमांक सात! ‘विट्याच्या पार्टीला जरा वेट करू दे. लगेच हो म्हटलं की डोक्यावर बसतात.’ बोलणारी, मुलीची आई!”

डोलणाऱ्या माना थांबल्या.

“अनुक्रमांक आठ! ‘मी अवॉइड मारतो. तू हँडल कर.’ बोलणारे, मुलीचे वडील! कोणाबद्दल... सौभाग्यवती शालनताई, मुक्काम विटा!”

पूर्ण नावं. गावासकट.

शालनताई ताडकन उठल्या. “चला. उठा समदी.”

“खाली बस शालन,” आज्जी म्हणाल्या.

“आत्याबाई, आवं नाव घिऊन...”

“बस म्हनलं न्हवं! याद्या होऊ देत. मग उठू.”

मी अनुजाकडे पाहिलं. निदान हिनं तरी उठून काकाच्या हातातला कागद घ्यावा! ती कोपऱ्यात बसून फोनवर हे सगळं रेकॉर्ड करत होती. डोळे चमकत होते. “आई,” ती तिथूनच कुजबुजली, “प्रतिक्रिया किती नॅचरल आहेत!” त्या क्षणी मी तिला तिथल्या तिथे काय केलं असतं, ते सांगायला मला एकही इंग्रजी क्रियापद लागत नाही.

“अनुक्रमांक बारा! ‘त्या मामाला पहिल्या पंगतीत बसवून लवकर डिस्पोज करून टाका. नाहीतर तो दिवसभर पिडत बसतो.’ बोलणारे...”

दादा थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

“बोलणारे कोन?” मामांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

सुभेदार माणूस. खोटं वाचणं त्यांना शक्य नव्हतं. टाचा पुन्हा जुळल्या. “बोलणारे, मी!”

“वा!” मामा म्हणाले. “वा सुभेदार! म्हणून मघाशी ‘मामा, भूक लागली असंल’ म्हणून इचारत होता व्हय!”

“अनुक्रमांक तेरा!” दादांनी आवाज चढवला. संकटात आवाज चढवून पुढे जायचं, एवढं एकच तंत्र त्यांच्यापाशी आहे.

पुढचं मी सविस्तर सांगत नाही. एकोणीसमध्ये मी ‘मुलाचे पुढचे केस गेलेत, पण फोटोत मॅनेज होतं’ असं म्हटलेलं होतं. सूरजचा हात आपसूक डोक्याकडे गेला. तेवीसमध्ये शालनताईंचं चिवड्याचं पाकीट ‘कामवालीला पास करून टाक’ असं ह्यांनी म्हटलं होतं. (चिवडा खवट होता. पण ते लिहिलं नव्हतं, कारण ‘खवट’ मराठी आहे.) प्रत्येक वाक्यानंतर खोलीतली हवा घट्ट होत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर दादा नाव आणि गाव खणखणीत सांगत होते.

प्राजक्ता माझ्या मागे स्वयंपाकघरात उभी होती. मी वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. ती शांतपणे हातातली एकेक बांगडी काढून ओट्यावर ठेवत होती.

“अनुक्रमांक अठ्ठावीस! आणि शेवटचं!” दादांचा घसा बसला होता. “‘प्राजक्ता, नीट विचार कर, अजून कॅन्सल करता येतं.’ बोलणारी, मुलीची आई!”

शालनताईंनी पदर खोचला. मामांनी चपलांकडे पाहिलं. पण माझ्या तक्त्यात पाचवा रकाना होता. शेरा. दादांनी तोही वाचला, कारण तो लिहिलेला होता.

“शेरा. यावर प्राजक्ताचं उत्तर, ‘मला सूरजच पाहिजे आई. त्याच्यापाशी मला खोटं हसावं लागत नाही.’” दादा जरा अडखळले. मग हळू आवाजात वाचलं, “उत्तरात इंग्रजी क्रियापद आढळले नाही. यादी समाप्त.”

सूरज एकटा उठला, डोक्यावरचा हात खाली घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत उभा राहिला. माझ्या हातात अजून पोह्यांचा ट्रे होता. पोहे गार झाले होते.

शालनताईंचा आवाज आधी फुटला. “आमी काय अवॉइड मारायसारखी मानसं हाय व्हय ओ?”

“न्हाई, न्हाई,” हे गडबडीनं म्हणाले. “मी फोनला म्हटलं होतं...”

“फोन कुणाचा व्हता?”

हे माझ्याकडे पाहायला लागले, म्हणजे आता मी हँडल करायचं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आज्जींनी काठी जमिनीवर आपटली.

“शालन, आपल्या घरात काय काय बोल्ली मानसं, ते सांगू का मी?”

“आत्याबाई, नगं!”

“नगं कसं? त्यांची यादी झाली, आपली नगं का व्हायला? ए पोरी,” त्या अनुजाकडे वळल्या, “तूच न्हवं का भाषा शिकाय गेलेली? ल्ही. एकोणतीस.”

अनुजानं पेन काढलं. निर्लज्ज मुलगी!

“‘पोरगीची आई लय डॉमिनेट करती. पोरगीला आल्या आल्या सेट करून घ्याय पायजे.’ बोलणारी, ही.” काठी शालनताईंकडे. “नाव पुरं घाल. गावासकट.”

“डॉमिनेट?” मी म्हणाले. “मी?”

विटेकरांपैकी कोणी काही बोललं नाही. आमच्यापैकीही कोणी बोललं नाही, याची मी नोंद घेतली.

“तीस. ‘त्या बाईचा मेसेज आला की नुसता अंगठा सेंड करून द्या. वाचत बसू नका.’ ह्यो मामा.”

आठ दिवस! आठ दिवस मी एकेक मुद्दा तपासून, वेलांटी पाहून पाठवत होते!

“एकतीस. ‘पोरगीचा बाप साधा हाय. त्याला पयला कन्व्हिन्स करून घिऊ, मग त्यो बायकूला बघंल.’ ही बी शालनच.”

“बघंल?” दादा मोठ्यांदा म्हणाले. “ह्यो? जयश्रीला?” आणि हा पन्नास वर्षं न हसलेला माणूस पोट धरून हसायला लागला. हसत हसत खाली बसला, तो नेमका मामांच्या शेजारी. मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, जराशी जोरातच मारली, आणि तेही हसायला लागले.

तेवढ्यात कडेनं एक अनोळखी आवाज आला.

“माझं बी एक ल्हा.”

अण्णा! शालनताईंसकट सगळे वळले.

“बत्तीस,” अण्णा म्हणाले. “‘ह्यांचं चालू झालं की मी आपला म्यूट होऊन बसतो.’ बोलणारा, मी. तीस वर्सं झाली.”

आमचे हे उठले, खोली ओलांडून गेले आणि त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. दोन भाऊ जत्रेत हरवून पुन्हा भेटावेत तसे ते एकमेकांकडे पाहत होते. मला ते दृश्य अजिबात आवडलं नाही. शालनताईंनाही आवडलं नाही. आमची दोघींची नजर तिथे पहिल्यांदा नीट भेटली, आणि आमचं एका मुद्द्यावर तरी एकमत आहे, हे दोघींनाही कळलं.

“आमच्या येळंला शिव्या व्हत्या,” आज्जी हसणं ओसरल्यावर म्हणाल्या. “दिली की समद्यास्नी कळायची, अन् भांडान त्याच दिशी मिटायचं. आता ह्ये विंग्रजी आलंय. ज्याला दिली त्याला कळत न्हाई, ज्यानं दिली त्याला दिल्यावानी वाटत न्हाई. असू दे. पोरीचा शेरा मला पटला. खरी यादी आना.”

खरी यादी फ्रिजवर होती. जागच्या जागी. दादांनी तीही वाचली. घसा बसल्यामुळे ती कोणाला ऐकू गेली नाही, पण सह्या झाल्या. मी स्वयंपाकघरात गेले. प्राजक्ता ओट्यावरच्या बांगड्या परत हातात भरत होती.

“आई, तो शेऱ्याचा रकाना कशाला ठेवला होतास?”

“तक्त्यात शेरा लागतोच,” मी म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि मला न विचारता, मी न सांगता, पोहे परत गरम करायला ठेवले.

अनुजाला त्या यादीवर वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. तिनं माझे आभार मानले नाहीत. आज्जींचे मानले, तेही लेखी.

लग्नाच्या आठ दिवस आधी विट्याहून एक पाकीट आलं. आज्जींनी सांगितलेली आणि शालनताईंनी लिहिलेली कामांच्या वाटपाची तीन पानांची यादी. मी चष्मा लावून, लाल पेन घेऊन बसले. अनुक्रमांक बरोबर होते. समास सोडलेला होता. प्रत्येक कामासमोर एकच नाव, पूर्ण, गावासकट. मला एकही चूक सापडली नाही, आणि त्यानं मी जी भडकले ती भडकलेच.

तिसऱ्या पानावर माझं नाव होतं. समोर लिहिलं होतं, ‘मंडपात पुढच्या खुर्चीत बसणे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मध्ये उठू नये.’

लग्न चांगलं झालं. प्राजक्ता आणि सूरज मजेत आहेत. यादीतली एकूण एक कामं वेळेवर पार पडली असं विटेकर सगळ्यांना सांगतात, आणि आमच्या घरचे त्यात लगेच दुरुस्ती करतात, की एक राहिलं.